खनिज बोटीत, धूर कुणाच्या खात्यात? वाढ आणि कार्बन यांचा हिशेब मांडण्याची रीत

रेडीच्या जेट्टीवरून किंवा मुरगावातून लोहखनिजाची बोट सुटली की विक्रीचे पैसे इथल्या उत्पन्नात जमा होतात. त्या खनिजापायी जो धूर (इथे धूर म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड) निघायचा, तो मात्र जवळजवळ सगळा दुसऱ्या देशातल्या पोलाद कारखान्याच्या चिमणीतून निघतो. तेल विकणारा नॉर्वे, वायू विकणारा कतार, कोळसा विकणारा ऑस्ट्रेलिया, सगळ्यांचं असंच. म्हणून ‘जीडीपी वाढला की कार्बन वाढतो का?’ हा प्रश्न अशा देशांना लावला की उत्तर हमखास फसतं. गणित बहुधा बरोबर असतं, आकडे चुकीच्या रकान्यातले उचललेले असतात.

कॉलेजचा प्रकल्प, वर्तमानपत्रातला लेख किंवा ग्रामसभेपुढचं टिपण, काहीही करायचं असलं तरी खालची रीत चालेल. साधनं म्हणजे एक स्प्रेडशीट, इंटरनेट आणि दोन संध्याकाळी.

आधी तीन खाती उघडा

एकाच देशाच्या नावावर कार्बनचे तीन वेगळे आकडे निघतात आणि बहुतेक भांडणं त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

पहिलं खातं हद्दीचं. देशाच्या सीमेत जे जळलं ते त्या देशाचं. संयुक्त राष्ट्रांकडे देश जे आकडे पाठवतात ते याच पद्धतीचे. तेल काढताना प्लॅटफॉर्मवर जळलेला वायू आणि खाणीतून सुटलेला मिथेन यात येतो. विकलेलं तेल परदेशी गाडीत जळलं तर ते येत नाही. आंतरराष्ट्रीय बोटी आणि विमानांचं इंधन तर कुठल्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत, ते तळटीपेत वेगळं दाखवतात.

दुसरं खातं उपभोगाचं. आयात मालाच्या उत्पादनात निघालेला धूर मिळवायचा, निर्यात मालाच्या उत्पादनातला वजा करायचा.

तिसरं खातं उपशाचं. जमिनीतून जेवढा कार्बन वर काढला तेवढा मोजायचा, मग तो कुठेही जळो. ढोबळ गुणक असे: एक पिंप कच्चं तेल जाळलं की सुमारे ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड, एक टन एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) म्हणजे सुमारे २.७५ टन, एक टन चांगला दगडी कोळसा म्हणजे २.४ टनांच्या आसपास.

नेहमीची चूक दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्यात होते. ‘उपभोगाचा आकडा घेतला, म्हणजे नॉर्वेने विकलेल्या तेलाचा धूर आलाच’ असं पुष्कळ जण धरून चालतात. तो येत नाही. उपभोगाच्या खात्यात तेल *काढताना* झालेला धूर इकडचा तिकडे होतो. तेल *जळताना* होणारा धूर जाळणाऱ्याकडेच राहतो. नॉर्वेचं उपशाचं खातं हद्दीच्या खात्याच्या दहापटीच्या आसपास जातं. वीज जवळपास सगळी पाण्यावरची असलेला देश आणि तेल-वायूचा मोठा विक्रेता देश एकच असू शकतो, ते यामुळेच.

हद्दीचे आणि उपभोगाचे आकडे ग्लोबल कार्बन प्रोजेक्टच्या तक्त्यांत आणि ‘अवर वर्ल्ड इन डेटा’वर फुकट मिळतात. फाइल उतरवलीत की पहिल्यांदा एकक बघा. काही तक्ते कार्बनचं वजन देतात, काही कार्बन डायऑक्साइडचं. दोन्हींत ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ पटींचा फरक असतो. दोन देशांची तुलना करताना एकाचा आकडा एका तक्त्यातून आणि दुसऱ्याचा दुसऱ्यातून घेतला, तर ही चूक शेवटपर्यंत लक्षातच येत नाही.

जीडीपी कुठला घ्यायचा, यावर निम्मा निकाल ठरतो

चालू किमतींचा जीडीपी घेऊ नका. हे कुठल्याही देशाला लागू आहे, पण तेल-खनिज विकणाऱ्या देशात त्याने फारच मोठा घोळ होतो. २०१४ च्या मध्यापर्यंत पिंपामागे १०० डॉलरच्या वर असलेलं तेल २०१५ च्या सुरुवातीला ५० च्या खाली आलं. सौदी अरेबियाचा डॉलरमधला जीडीपी त्या वर्षी घसरला. स्थिर किमतींत मात्र अर्थव्यवस्था ४ टक्क्यांहून जास्त वाढली होती, कारण विहिरींतून तेल तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच निघत होतं. एसी, गाड्या, खारं पाणी गोडं करणारे प्रकल्प सगळं चालूच होतं. डॉलरचा रकाना बघणाऱ्याला ‘अर्थव्यवस्था आकसली तरी धूर कमी होईना’ असं दिसतं. तेल महाग होतं तेव्हा याच्या उलट: धूर जरासा वाढतो, जीडीपी उडी मारतो आणि देश फार स्वच्छ झाल्यासारखा वाटतो. खरं तर फक्त भाव वाढलेला असतो. आंबा कमी आला आणि पेटीचा भाव दुप्पट झाला, तर बागायतदाराचं उत्पन्न वाढेल, पण फवारणीच्या पंपाला डिझेल त्या प्रमाणात लागणार नाही.

म्हणून जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून ‘स्थिर २०१५ डॉलर’ असं लिहिलेली मालिका उचला. महाराष्ट्रासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची दरवर्षीची ‘आर्थिक पाहणी’ आणि जिल्ह्यासाठी ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ घ्या. दोन्हींत चालू आणि स्थिर किमतींचे तक्ते शेजारी-शेजारी असतात. घाईत वरचाच तक्ता उचलला जातो, तेवढं जपा. पायाभूत वर्ष बदललं असेल तर जुनी आणि नवी मालिका सरळ जोडू नका. दोन्हींत सामाईक असलेलं वर्ष शोधा, त्या वर्षाच्या गुणोत्तराने जुनी मालिका वर-खाली करा, मग जोडा.

भागाकार

फिनलंडचे पेट्री टापिओ यांनी २००५ मध्ये मांडलेली कसोटी इथे सोयीची पडते. कार्बनमधला टक्केवारीतला बदल भागिले जीडीपीमधला टक्केवारीतला बदल. उत्तर ०.८ ते १.२ आलं तर दोन्ही हातात हात घालून चालले आहेत. ० ते ०.८ आलं तर अर्धी फारकत: धूर वाढतो आहे, पण वाढीपेक्षा हळू. जीडीपी वाढून उत्तर ऋण आलं तर पूर्ण फारकत. १.२ च्या वर म्हणजे वाढीपेक्षा धूरच जोरात.

टक्केवारीऐवजी लॉगरिदम घ्या. स्प्रेडशीटमधलं एलएन फलन वापरा: शेवटच्या वर्षाचा आकडा भागिले पहिल्या वर्षाचा, त्याचा एलएन. याने मधली वर्षं जोडता-तोडता येतात आणि बेरीज चुकत नाही.

मानलेले आकडे घेऊन एकदा हाताने करून बघा. एका तेलविक्या देशाचा स्थिर किमतींचा जीडीपी १० वर्षांत १०० वरून १४८ झाला. कार्बन ६० वरून ७५. एलएन १.४८ म्हणजे ०.३९२, एलएन १.२५ म्हणजे ०.२२३. भागाकार ०.५७. अर्धी फारकत.

आता हाच जीडीपी चालू किमतींत १०० वरून २४० झाला असं धरा, कारण मधे तेल महागलं. एलएन २.४ म्हणजे ०.८७५. भागाकार ०.२५. त्याच देशाचा निकाल निम्म्याहून खाली आला, आणि तो कमी होण्यासाठी एकही चिमणी बंद झालेली नाही.

तेल बाजूला काढा आणि पुन्हा भागा

ही पायरी बहुतेक लेखांत गाळलेली असते, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. नॉर्वेचं सांख्यिकी खातं जीडीपी दोनदा छापतं: एकदा सगळा, आणि एकदा ‘मुख्य भूमी’चा, म्हणजे तेल-वायू आणि सागरी वाहतूक वगळून. लोकांची घरं, गाड्या, कारखाने यांचं चित्र दुसऱ्या आकड्यात दिसतं. हद्दीतल्या धुरातला जवळपास चौथा हिस्सा तेल-वायूच्या उपशाचा आहे, तोही वेगळा काढता येतो. १९९१ पासूनचा समुद्रातल्या उत्खननावरचा कार्बन कर, १९९६ पासून स्लाइपनर क्षेत्रात वर्षाला १० लाख टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली सोडणं, प्लॅटफॉर्मना किनाऱ्यावरून वीज देणं, या सगळ्याचा परिणाम त्या चौथ्या हिश्श्यावर दिसतो, शहरांच्या धुरावर नाही.

आपल्या मानलेल्या देशात मुख्य भूमीचा जीडीपी ६० वरून ७९ झाला, तेलाचा ४० वरून ६९. मुख्य भूमीचा धूर ४५ वरून ५७, तेलक्षेत्राचा १५ वरून १८. बेरजा तपासा, वरच्याच आहेत. मुख्य भूमीचा भागाकार: ०.२३६ भागिले ०.२७५, म्हणजे ०.८६. देशभराचा आकडा ०.५७ म्हणत होता, पण लोकांच्या रोजच्या व्यवहारात वाढ आणि धूर यांची गाठ सुटलेलीच नाही. थोड्या धुरात मोठं उत्पन्न देणारं तेलक्षेत्र जोरात वाढलं, म्हणून सरासरी देखणी दिसली.

ज्या देशाचा असा वेगळा जीडीपी मिळत नाही, तिथे क्षेत्रवार तक्त्यातून ‘खाण व उत्खनन’ची ओळ वजा करा. तीही स्थिर किमतींतच. साखळी पद्धतीच्या (म्हणजे दरवर्षी आधार बदलत जोडलेल्या) मालिकेत अशी वजाबाकी तंतोतंत जुळत नाही, एखाद्या टक्क्याचा फरक राहतो. तो नोंदवा आणि पुढे चला.

छेदात माणसं किती?

जपानच्या योइची काया यांचं सूत्र धुराचे चार गुणक करतं: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या एककामागे ऊर्जा, ऊर्जेच्या एककामागे कार्बन. एलएन घेतला की चौघांची सरळ बेरीज होते आणि दोष कुणाचा ते दिसतं. अडचण पहिल्या गुणकात येते. कतारमध्ये राहणारे बहुसंख्य लोक परदेशातून कामाला आलेले आहेत. बांधकामावर गेलेला रत्नागिरीचा माणूस कतारच्या छेदात असतो. त्याने पाठवलेल्या पैशावर राजापुरात उभं राहिलेलं घर, त्याचं सिमेंट आणि स्लॅबचं लोखंड भारताच्या अंशात. आपल्याकडे उलट बाजू बघा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली, चाकरमानी मुंबईला. धूर तेवढाच राहिला तरी दरडोई आकडा वर जातो. म्हणून दरडोई आकड्याशेजारी एकूण आकडा छापाच.

रत्नागिरीत आणखी एक गंमत आहे. जयगडचं औष्णिक केंद्र १,२०० मेगावॉटचं. वर्षभर सरासरी ७० टक्के भाराने चाललं आणि युनिटमागे ०.९५ किलो धूर धरला, तर वर्षाला सुमारे ७० लाख टन होतात. २०११ च्या जनगणनेतल्या १६.१५ लाख लोकसंख्येने भागा: माणशी चार टनांच्या वर, आणि हे फक्त एका केंद्राचं. देशाची सरासरी २ टनांच्या आसपास आहे. रत्नागिरीकर काही देशाच्या दुप्पट वीज जाळत नाही. वीज तारांवरून जिल्ह्याबाहेर जाते, म्हणजे जिल्हा विजेचा निर्यातदार आहे आणि हद्दीच्या खात्यात आखाती देशासारखा दिसतो. शेजारच्या सिंधुदुर्गात मोठं औष्णिक केंद्र नाही. तो कागदावर स्वच्छ, दिवे मात्र त्याच ग्रिडवर. जिल्ह्यांची तुलना करणार असाल तर विजेचा धूर वापरणाऱ्याकडे टाका: महावितरणची विकलेली युनिटं गुणिले देशाच्या ग्रिडचा सरासरी गुणक, जो केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे सुमारे ०.७२ किलो आहे.

एक टन खनिज, खाणीपासून भट्टीपर्यंत

आता रीत कोकणात लावून बघू. खाण ते जेट्टी २० किलोमीटर, ट्रकमध्ये १० टन, जाताना भरलेला, येताना रिकामा, सरासरी लिटरला ४ किलोमीटर. फेरी ४० किलोमीटरची, डिझेल १० लिटर, टनामागे १ लिटर. लिटरभर डिझेलचा धूर सुमारे २.७ किलो. (लिटरचं वजन किलोहून कमी आणि धूर त्याच्या तिप्पट कसा, असं कुणी विचारेलच. कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, वजन त्याचं.) खोदाईची पोकलेन, चाळणी, बार्ज आणि बोटीवर चढवणं धरून टनामागे १० ते १५ किलो धरा. नेमका आकडा हवा तर खाणीच्या डिझेल नोंदवहीतून काढा, अंदाजाने नको.

तिकडे भट्टीत: कोळशाच्या झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलादाला साधारण १.४ ते १.६ टन लोहखनिज लागतं आणि सुमारे २.३ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे टनभर खनिजामागून जवळजवळ दीड टन धूर येतो. इथला १५ किलो, तिथला १,५०० किलो. पण हे दोन आकडे एका रकान्यात बेरजेला घेऊ नका. तो दीड टन खनिजाचा नाही, भट्टीतल्या कोकचा आहे, आणि पोलाद बनवणारा देश तो आधीच स्वतःच्या खात्यात धरतो. वेगळा रकाना करा, नाव द्या ‘खनिजामागून येणारा धूर’.

गोव्यात ही गोष्ट प्रत्यक्ष घडलेली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द होऊन पुन्हा सगळं थांबलं. २०१२-१३ मध्ये राज्याचं उत्पन्न घसरलं. मांडवी-जुवारीतल्या बार्ज आणि ट्रकांचं डिझेल थांबलं. घरं आणि हॉटेलं यांची वीज खाणींवर चालत नव्हती, ती चालू राहिली. या वर्षांवर टापिओचा भागाकार लावला तर उत्तर फसवं येतं, कारण छेदच ऋण आहे. ऋण भागिले ऋण धन होतं आणि मंदी ‘अर्धी फारकत’ म्हणून छापली जाते. म्हणून आधी जीडीपीच्या बदलाचं चिन्ह बघा. ऋण असलेली वर्षं वेगळ्या तक्त्यात टाका. शिवाय गोव्याचं खनिज थांबलं म्हणून परदेशी भट्ट्या विझल्या नाहीत, त्यांना दुसरीकडून खनिज मिळतं. खाण बंद केल्याने जगाचा किती धूर वाचला, असं विचारणाऱ्याला दीड टनाचा गुणक देऊ नका.

मासळी आणि आंबा: निर्यातीतला छोटा हिशेब

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरचं डिझेल मोजायला मच्छीमार सहकारी संस्थेची नोंद सगळ्यात खात्रीची. डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी लिटरनिशी हिशेब ठेवावाच लागतो. जून-जुलैच्या बंदीचे महिने शून्य येणार, म्हणून चालू महिन्यांची सरासरी काढून बाराने गुणू नका. मानू या फेरीला ६०० लिटर आणि दीड टन मासळी: १,६२० किलो धूर, म्हणजे किलोमागे १.०८ किलो. तीन टन बर्फ घेतला, टनाला ६५ युनिटं धरली, तर १९५ युनिटं, सुमारे १४० किलो. मासळी कमी मिळाली की हाच आकडा दुप्पट होतो, इंजिन तेच असतं.

सहसा सुटतो तो शीतगृहातला वायू. मोठ्या प्रक्रिया कारखान्यांत अमोनिया असेल तर हवामानावर भार नाही. पण आर-४०४ए हा थंडाव्याचा वायू भरलेलं यंत्र गळलं तर त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० किलोंच्या बरोबरीचा. वर्षात १० किलो वायू पुन्हा भरावा लागला, तर ३९ टन झाले, साडेचौदा हजार लिटर डिझेलइतके. मेकॅनिकच्या बिलात सिलिंडरचा नंबर आणि वजन असतं. वीजबिलाआधी ते मागा.

हापूसचा निकाल तर वाहन ठरवतं. रत्नागिरी ते वाशी ट्रकने, परतीची रिकामी फेरी धरूनही, किलोमागे ५० ग्रॅमच्या आत. पुढे दुबईला रेफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरने बोटीतून गेला तर साधारण आणखी तेवढाच. लंडनला विमानाने: ७,२०० किलोमीटर, टन-किलोमीटरला ०.६ किलो धरून, किलोभर आंब्यामागे ४ किलोंच्या वर. आणि विमानाचा हा धूर पहिल्या खात्यात कुठेच येत नाही, हे वर आलंच आहे.

आलेख काढण्याआधी

जीडीपी आणि कार्बन दोन्ही वर्षागणिक चढत असतील तर त्यांच्यात ०.९ चा सहसंबंध आपोआप येतो. तेवढ्यावर ‘सिद्ध झालं’ लिहू नका, चढणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टींत तो येतो. पातळ्यांऐवजी वर्षावर्षाच्या एलएन-फरकांचा आलेख काढा. ठिपके विखुरतील, पण ते खरे असतील. २०२० चा ठिपका वेगळ्या रंगात ठेवा. कुवेतच्या मालिकेत १९९१ आलं की थांबा: ६०० हून अधिक विहिरी पेटल्या होत्या, त्या वर्षीच्या धुराचा वाढीशी संबंध नाही. सोव्हिएत संघ विखुरल्यावर रशियात धूर आणि उत्पन्न दोन्ही कोसळले, त्यामुळे १९९० हे आरंभवर्ष धरलं की रशिया फार गुणी दिसतो. आरंभवर्ष दोनदा बदलून निकाल टिकतो का ते बघा. कमानीचा (उलट्या ‘यू’चा), म्हणजे श्रीमंती आली की धूर आपोआप उतरतो हा सिद्धांत, १९९१ मधल्या ग्रॉसमन आणि क्रूगर यांच्या अभ्यासानंतर गाजला. तेलविक्या देशांवर तो बसवताना जपून, त्यांची श्रीमंती कारखान्यांच्या पायरीवरून चढलेली नसते.

युरोपला माल पाठवणाऱ्यांना हा हिशेब हौसेचा राहिलेला नाही. युरोपीय संघाच्या सीमेवरच्या कार्बन नियमाचा (आयात मालाच्या उत्पादनातल्या धुरावर पैसे घेणारा, इंग्रजीत सीबीएएम) नोंदणीचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला आणि पैसे मोजायचा १ जानेवारी २०२६ पासून. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज त्यात आहेत. लोहखनिजाच्या गोळ्या आहेत, कच्चं खनिज नाही. आंबा आणि मासळीही नाही.

निकाल लिहिताना वाक्यातच खातं, किंमत आणि वर्षं घाला. उदाहरणार्थ: ‘हद्दीतलं उत्सर्जन, स्थिर किमती, १० वर्षं: संपूर्ण अर्थव्यवस्था ०.५७, तेल वगळून ०.८६, विकलेल्या तेलाचा धूर यात नाही.’ मथळ्यात एवढं मावत नसेल तर आलेखाखाली छापा, पण त्यातला एकही शब्द गाळू नका.